तळहाताएवढ्या तसबिरी

तसबीर म्हटली की ओटीच्या भिंतीवर टांगलेली, हार घातलेली मोठी चौकट आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु एके काळी माणसाची तसबीर तळहातावर मावेल एवढी काढीत. अशा लघुचित्रांचा संग्रह करणे हा जुना छंद असून त्यात रसिकतेइतकीच चिकित्सेचीही गरज असते.

युरोपात सोळाव्या शतकात ही चित्रे कमावलेल्या कातड्यावर काढीत. अठराव्या शतकात हस्तिदंताचे पातळ पापुद्रे प्रचारात आले. आपल्याकडे मोगल आणि दख्खनी चितारी कागदावर ‘शबीह’ रेखाटीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्यात अशा तसबिरी परदेशी गिऱ्हाइकांसाठीही तयार होत. अ‍ॅमस्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विटसेन याच्या संग्रहातील अशा ४९ तसबिरी आज तेथील राइक्स म्युझियममध्ये आहेत. त्यांत शिवाजी महाराजांचीही एक आहे. आपल्या डिचोली तालुक्यात नार्वे येथे १६६८ साली सप्तकोटेश्वराचे देऊळ पुन्हा उभारणाऱ्या राजाची तसबीर अशी सातासमुद्रापलीकडे जपली गेली!

मात्र तसबीर मिळाली म्हणजे माणूस ओळखला असे होत नाही. पूर्वी इब्राहिमखान नावाच्या माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे प्रचारात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डच साधनांच्या आधारे महाराजांचे चित्र पुढे आणले, तेव्हा ही चूक उघडकीस आली. जुन्या गोव्याच्या संग्रहालयातील पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रे आकाराने मोठी. त्यांची परंपरा १५४७ मध्ये जुआंव द काश्त्रु याने सुरू केली. पुढे ती वारंवार रंगवली गेल्याने त्यांतही ओळखीचे घोटाळे झाले.

म्हणून संग्राहकाने आधी चित्राची मागची बाजू पाहावी. तेथे नाव असल्यास ते कोणत्या लिपीत आहे आणि चित्राच्या काळचे आहे की मागाहून लिहिलेले आहे, याचा विचार करावा. मग भिंग घ्यावे. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील चित्र समजावे. कुंचल्याच्या रंगाखाली छायाचित्र असणेही संभवते. एकोणिसाव्या शतकात दिल्लीचे कारागीर शाहजहान-मुमताजच्या काल्पनिक तसबिरी हस्तिदंतावर काढून प्रवाशांना विकीत, हेही ध्यानात असू द्यावे.

कायदाही माहीत हवा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने चित्र पुरावस्तू ठरते. ते खाजगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाही. हस्तिदंताच्या व्यापारास तर बंदीच आहे.

मग लाटंबार्से किंवा पेडण्यासारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याने काय जमवावे? विकत काहीच घ्यायला नको. घरच्या पेटीत आजी-पणजीची जुनी छायाचित्रे असतात. आपल्या पावसात ओलीने ती चिकटतात, बुरशी धरतात. ती कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवावीत. चित्राच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये. वेगळ्या कागदावर नाव, गाव, नाते आणि ही माहिती कोणी सांगितली ते नोंदवावे. घरातले एखादे वृद्ध माणूस गेले की त्याच्याबरोबर चार चेहऱ्यांची नावे जातात. महाराजांच्या चित्रासाठी बेंद्रे यांच्यासारखा संशोधक झटला. आपल्या पणजीसाठी आपल्यावाचून कोण झटणार?