महामार्गाचा पैसा येतो कुठून?

तुळजापुरात दोन राष्ट्रीय महामार्ग मिळतात: सोलापूरहून येणारा ५२ (जुना २११) आणि इथूनच सुरू होऊन बुटीबोरीकडे जाणारा ३६१. ५२ वरील सोलापूर-येडशी चौपदरीकरण ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर झाले. कंपनीने घातलेले भांडवल टोलमधून वसूल होते. ‘हायब्रीड ॲन्युइटी’ पद्धतीत मात्र सरकार ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळातच देते, उरलेली पुढे हप्त्यांनी. राज्यमार्गांसाठी इंधनावरील उपकरातून केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी मिळतो. त्याचा प्रस्ताव राज्याने पाठवायचा.

कोजागरीला सोलापूरहून हजारो भाविक याच ५२ क्रमांकाच्या महामार्गाने तुळजापूरला चालत येतात. त्यांच्यासाठी पदपथ, भुयारी मार्ग हवा असेल, तर ग्रामपंचायतींनी ठराव रस्त्याच्या नव्या कामाचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतानाच द्यावेत. कंत्राट निघाल्यावर वाढीव कामाला पैसा मिळवणे फार अवघड जाते.