ठशाखालची गादी

ठसेछपाईचं कौतुक निघालं की बोलणं ठशांवरच थांबतं. गांधीनगरजवळच्या पेथापूरला सागवानात कोरलेले ठसे आहेतच तसे देखणे. पण ठसा ज्यावर पडतो त्या मेजाची चौकशी कुणी करत नाही. मग हौसेने ठसे आणून जेवणाच्या टेबलावर कापड अंथरलं जातं, निम्मी नक्षी उमटते, निम्मी नाही, आणि खापर ठशावर फुटतं.

जयपूरजवळच्या बगरू आणि सांगानेरमध्ये छपाई करणारे छिपा कारागीर पूर्वी जमिनीवर बसून, बुटक्या मेजावर छापत. पुढे कंबरेइतकी उंच, लांबलचक मेजं आली. बसून छापताना कापड सरकवावं लागतं. उभ्याने छापताना कापड जागेवर राहतं आणि माणूस सरकतो. साडेपाच मीटरची साडी एकदाच ताणून टाचण्यांनी पक्की केली की पहिल्या ठशापासून शेवटच्यापर्यंत ओळ हलत नाही. दोन्ही मेजांत एक गोष्ट मात्र सारखी : वर कापडाच्या थरांची गादी.

सगळी मेख या गादीत आहे. लाकडी ठशाचा तळ तंतोतंत सपाट कधीच नसतो. हवेतल्या ओलाव्याने तो थोडा तरी वाकतोच. कारागीर मुठीने ठसा ठोकतो तेव्हा गादी किंचित दबते आणि नक्षीचा प्रत्येक उंचवटा कापडाला भिडतो. गादी फार मऊ झाली तर ठसा रुततो, खाचांतला रंगही कापडाला लागतो आणि रेघा जाड येतात. म्हणून फोम नको. तळाला गोणपाट, त्यावर जुन्या कांबळ्यांचे दोन-तीन थर, त्यावर घट्ट ताणलेलं जाड सुती कापड. सर्वांत वर सुटा मांजरपाट, झिरपलेला रंग पिणारा. तो काढून धुता येतो. अंगठा जोरात दाबल्यावर खळगा पडावा आणि उचलताच भरून यावा, एवढंच मऊपण पुरे.

थर मधून कडेकडे ताणत न्यावेत आणि खालच्या बाजूला स्टेपल करावेत. एक सुरकुती राहिली तरी ती प्रत्येक कापडावर छापून येते.

सांगाड्याला खर्च करू नये. ८ बाय ४ फुटांचं १९ मिमी प्लायवुड आणि दोन मजबूत घोड्या पुरतात. बाजारातलं कापड बहुधा ४४-४५ इंच पन्ह्याचं असतं; ४८ इंचांच्या फळीवर दोन्ही कडांना टाचण्यांपुरती जागा उरते. साडी मात्र दोनदा सरकवावी लागेल. म्हणजे बगरूची जुनी बैठकच, फक्त उभ्याने. जुन्या इमारतीतला फ्लश दरवाजा मिळाला तर आणखी स्वस्त. तो सपाट आणि जड असतो, पण रुंदी तीन फुटांच्या आसपास, म्हणजे स्टोल आणि रुमालांपुरताच. काहीही घ्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून मधला झोल आधी तपासा. मेज डगमगत असेल तर पायांना आडव्या पट्ट्या मारा. हललेल्या मेजावर दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही.

पुढेमागे स्क्रीन प्रिंटिंग करायचं असेल तर लांब कडेला लोखंडी अँगल बसवून घ्या आणि त्यावर नक्षीच्या लांबीइतक्या अंतरावर सरकते अडसर लावा. स्क्रीन अडसराला टेकवून आधी नक्षीचं पहिलं, तिसरं, पाचवं घर छापायचं. ती वाळली की मधली. नाहीतर चौकट ओल्या रंगावर बसते.

करून बघायचं असेल तर सुरुवातीला ठसे दोनच घ्या, एक रेघेचा आणि एक भरावाचा. उरलेले पैसे प्लायवुड आणि कांबळ्यांसाठी ठेवा.