माप जुळले, तोलाचे काय?

रहाटणी, पिंपरी, भोसरी, चाकण या आमच्या पट्ट्यात वस्तू बरोबर की चूक हे ठरवण्याची रीत ठरलेली आहे. ड्रॉइंगवर माप असते, नग व्हर्नियरने किंवा गेजने तपासायचा, माप टॉलरन्समध्ये बसले की नग पास. माझी उमेदीची वर्षे याच कामात गेली. त्यामुळे भाच्याने संगणकावर स्वतः बांधलेले 'सेसना १७२' विमान दाखवले, तेव्हा सवयीने मी मापे विचारली. पंखांचा विस्तार ११ मीटर, क्षेत्रफळ १६.२ चौरस मीटर, छतावर बसवलेले पंख, त्यांना खालून आधार देणारे तिरके दांडे, तीन चाके. सगळे बरोबर होते. मग त्याने विमान धावपट्टीवर पळवले. जमीन सोडताच त्याने नाक आभाळाकडे केले, ते पाठीवर उलटले आणि कोसळले. नग पास होता, विमान नापास झाले.

हे का घडले, ते शोधताना या खेळाकडे मी गांभीर्याने पाहू लागलो.

खेळाचे नाव 'सिंपलप्लेन्स'. 'जन्ड्रू' या कंपनीने तो २०१४ मध्ये आणला. वैमानिकी शिकवणाऱ्या नेहमीच्या संगणकीय खेळांत विमान तयार मिळते आणि ते कसे वागेल हे खेळ बनवणाऱ्यांनी आधीच भरून ठेवलेले असते. इथे तसे नाही. ठोकळे, पंख, इंजिन, चाके जोडून वाहन आपणच बांधायचे. प्रत्येक तुकड्याचे वजन आणि पंखाच्या प्रत्येक भागावरचा हवेचा जोर यांचा हिशेब खेळ करतो. विमानाचा स्वभाव त्या हिशेबातून निघतो. म्हणून खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती बांधणे ही इथे कठीण परीक्षा ठरते. सेसना १७२ त्यासाठी मुद्दाम निवडण्याजोगे आहे. १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या चार आसनी विमानाची ४४ हजारांहून अधिक नग निर्मिती झाली. आपल्याकडेही अनेक विद्यार्थी वैमानिक त्यावरच शिकतात. त्याचा स्वभाव जगाला पाठ आहे.

भाच्याचे विमान उलटले त्याचे कारण जुन्या गाडीवानाने चटकन सांगितले असते. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. म्हणून गाडीवान भार असा रचतो, की थोडे वजन बैलांच्या मानेवर राहावे. विमानातही दोन बिंदू महत्त्वाचे. पहिला गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते तो. दुसरा उचलमध्य, म्हणजे हवेचा वर उचलणारा जोर जिथे एकवटतो तो. गुरुत्वमध्य पुढे आणि उचलमध्य थोडा मागे असेल, तर वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले तरी वाढलेला जोर मागच्या बाजूस लागतो आणि नाक परत खाली येते. विमान स्वतःला सावरते. क्रम उलटा झाला, तर तोच वाढलेला जोर नाक आणखी वर ढकलतो आणि वैमानिकाला सावरायला वेळच मिळत नाही.

बांधणीच्या पडद्यावर हे बिंदू रंगीत गोळ्यांनी दिसतात. भाच्याचा गुरुत्वमध्य उचलमध्याच्या मागे होता. खऱ्या सेसनाच्या नाकात जड इंजिन असते आणि शेपटीकडचा भाग पातळ पत्र्याचा, पोकळ असतो. भाच्याने इंजिन हलके घेतले होते. शिवाय आसने, दिवे, दारांच्या कड्या असे बारीकसारीक तुकडे हौसेने जोडले होते. त्या प्रत्येकाला वजन होते आणि बहुतेक वजन मागे साचले होते. रूप जितके हुबेहूब होत गेले, तितका तोल बिघडत गेला. उपाय म्हणून त्याने नाकाच्या ठोकळ्यात निव्वळ भार भरला. यात लबाडी नाही. खऱ्या ग्लायडरमध्येही वैमानिक फार हलका असेल, तर पुढे वजन ठेवून तोल साधतात.

विमान आता सरळ उडू लागले, पण उतरताना आपटू लागले. एका ठरावीक वेगाखाली पंख विमान पेलू शकत नाहीत. त्या अवस्थेला वैमानिक स्टॉल म्हणतात. सेसना १७२ च्या 'एस' प्रकाराचे कमाल वजन १,१५७ किलो आहे. त्या वजनाला, फ्लॅप न उघडता, हा वेग ताशी सुमारे ९८ किलोमीटर. भाच्याच्या विमानाचे वजन भरले जवळजवळ २,३०० किलो. पंख तेच ठेवून वजन दुप्पट केले, तर स्टॉलचा वेग दुप्पट होत नाही. तो दोनच्या वर्गमुळाच्या, म्हणजे सुमारे १.४१ पटीने वाढतो. कागदावर उत्तर आले १३८. खेळातही विमान १४० च्या आसपास कोसळत होते. ज्या वेगाने खरे सेसना निवांत उतरते, त्या वेगाला ही प्रतिकृती हवेत टिकूच शकत नव्हती.

इथे एक मोह होतो. इंजिनाची ताकद वाढवली, की या खेळात जवळपास काहीही उडते. भाच्यानेही तसे करून पाहिले, आणि विमान दिमाखात उडाले. पण खऱ्या विमानाचे इंजिन १८० अश्वशक्तीचे. ती मर्यादा ओलांडली, की ते सेसना उरत नाही, सेसनाचे सोंग घेतलेले दुसरेच यंत्र होते. मर्यादा पाळायला खेळ भाग पाडत नाही. ती बांधणाऱ्याने स्वतःवर घालून घ्यायची असते.

हा मुद्दा मला आपल्या एका लाडक्या कथेपर्यंत घेऊन गेला. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईत चौपाटीवर विमान उडवले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याला समकालीन, विश्वासार्ह पुरावा मिळालेला नाही. या कथेसोबत 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा हवाला दिला जातो. १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी तो ग्रंथ तपासला. भाषा आणि इतिहास पाहून त्यांनी म्हटले, की ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही. त्यातल्या विमानांची आकृती, वजन, जोर यांचा हिशेब मांडून त्यांनी निष्कर्ष काढला, की ती उडू शकणार नाहीत. त्यांची रीत आमच्या घरातल्या रीतीहून वेगळी नव्हती. चित्रावर न थांबता त्यांनी तोल विचारला. तळपद्यांच्या जिद्दीबद्दल आदर ठेवूनही हा प्रश्न विचारता येतो. न विचारणे म्हणजे इंजिनाची ताकद गुपचूप वाढवण्यासारखे आहे.

याच मुंबईत याच्या उलट उदाहरणही आहे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि उड्डाणाची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. हा विलंब अनेकांना खटकला. त्यात कागदी घोडे किती आणि आवश्यक तपासणी किती, यावर वाद होऊ शकतो. पण तपासणी हवीच, याबद्दल दुमत नसावे. खेळात विमान कोसळले, की एक बटण दाबून ते पुन्हा धावपट्टीवर उभे राहते. धातूला येणारा थकवा, गंजलेला रिव्हेट, पोटातली भीती, खालची वस्ती यांतले काहीच तिथे नसते. खऱ्या विमानात माणूस बसतो आणि ते माणसांच्या डोक्यावरून जाते.

म्हणून या खेळाला मी विमानविद्येची शाळा म्हणणार नाही. पण एक सवय तो लावतो. भाच्याने शेवटी दिव्यांचे आणि कड्यांचे बरेच तुकडे काढून टाकले, ठोकळ्यांचे वजन घटवले, इंजिन १८० वर ठेवले. विमान आता आधीपेक्षा थोडे ओबडधोबड दिसते. गेल्या महिन्यात त्याने ते ताशी शंभरच्या जरा वरच्या वेगाने उतरवले, मागची दोन चाके आधी टेकवून, नाकाचे चाक सावकाश खाली आणत. मग त्याने वही काढली आणि त्या दिवशीचे वजन, वेग, गुरुत्वमध्य लिहून ठेवले. वहीत त्याआधीच्या ३७ अपयशांच्या नोंदी आहेत. त्यातली एकही त्याने खोडलेली नाही.