अबोल मूल की अनोळखी भाषा?

गडचिरोली, प्रतिनिधी -

मूल साधारण वर्षाचे झाले की पहिला शब्द उच्चारते. दीड-दोन वर्षांत पन्नासेक शब्द त्याच्या तोंडी रुळतात आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास ते दोन शब्द जोडू लागते. थोड्याफार फरकाने हा क्रम जगभर आढळतो. भामरागड किंवा एटापल्लीच्या जंगलातील माडिया मूलही त्याला अपवाद नाही. मात्र तिसऱ्या वर्षी ते अंगणवाडीत येते, तेव्हा त्याचे शब्द मोजण्याची भाषाच अनेकदा बदललेली असते.

गोंडी ही तेलुगू, तमिळप्रमाणे द्राविडी कुळातील भाषा; माडिया ही तिचीच निकटची बोली. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख होती. गोंडीत पाण्याला 'येर' म्हणतात आणि गावाला 'नार'. ('नार' म्हटल्यावर मराठी वाचकाला लावणी आठवेल, त्या मुलाला आपले घर-अंगण!) फरक केवळ शब्दांपुरता नाही. गोंडीत एकवचनात पुरुषांचा एक वर्ग आणि स्त्रिया, प्राणी, वस्तू या साऱ्यांचा दुसरा. त्यामुळे 'तो, ती, ते' ही मराठीची त्रिविध रचना या मुलाला नव्याने शिकावी लागते. 'ती आला' असे ते म्हणाले, तर तो बुद्धीचा दोष नव्हे.

नव्या भाषेच्या वर्गात लहान मुले काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. ती ऐकत असतात. या मौनाची नोंद 'मंद' अशी झाली, तर शाळेबद्दलची नावड तेथूनच सुरू होते. याच्या उलट घडणारी चूक अधिक गंभीर आहे. एखाद्या मुलाला खरोखरच ऐकू येत नसते. पण 'त्याला मराठी येत नाही' एवढ्यावर विषय मिटतो आणि उपचाराची मोलाची वर्षे निघून जातात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाची तपासणी अंतर्भूत आहे. परंतु तपासणाऱ्याचा प्रश्नच मुलाला कळला नाही, तर उत्तराला काय अर्थ?

यावर उपाय अवघड नाही. मूल घरी काय बोलते, हे आईला किंवा आजीला विचारावे. पालकांकडून शब्दांची यादी भरून घेण्याची पद्धत अमेरिकेत विकसित झाली आणि पुढे सर्बियनसह अनेक भाषांसाठी रूपांतरित करण्यात आली. अर्थात, परकी यादी जशीच्या तशी भाषांतरित करून भागत नाही. तीत मोह, तेंदू, डोंगर, नदी असायला हवी. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे दोन्हींतील शब्द एकत्र विचारात घ्यावेत, असे अभ्यासक सांगतात. हे पुण्या-मुंबईच्या मराठी-इंग्रजी घरांनाही लागू आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्यास सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही तोच आग्रह आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी शाळा सुरू केली, तेव्हा तिला मात्र शासनमान्यतेसाठी झगडावे लागले. अंगणवाडीत गावचीच, मुलांची बोली जाणणारी सेविका असेल, तर निम्मे काम तेथेच होते.