धरणांच्या मुलखात पाण्याचा हिशेब

वेल्ह्याहून तोरणा, बुधला माचीवरून उतरून डोंगरधारेने भुतोंड्याची खिंड, तिथून खाली भुतोंडे आणि पुढचे दोन दिवस भाटघरच्या काठाने भोर. पावसाळा सरला की पुण्यातली अनेक मंडळी असे बेत आखायला बसतात. नकाशावर ही वाट पाण्याने वेढलेली दिसते. एका अंगाला गुंजवणी धरण, दुसऱ्या अंगाला १९२८ साली पूर्ण झालेले भाटघर. त्यामुळे बेत किलोमीटरवर ठरतो आणि पाण्याचा विचार मागे पडतो. नेमकी तिथेच चूक होते. धारेवर भरवशाचे पाणी नाही, सावलीही फारशी नाही आणि काठावर दिसते ते पाणी तसेच पिण्याजोगे नाही.

आधी वेळ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला आडाखा आजही वापरला जातो. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तोरणा १,४०३ मीटर उंच, वेल्ह्यापासूनचा चढ सातशे मीटरच्या आसपास. म्हणजे नुसत्या चढाचाच तासाभराहून जास्त वेळ धरावा लागतो. नेस्मिथच्या हिशेबात विश्रांती नाही, फोटो नाहीत आणि आपले ऊनही नाही. त्यामुळे येणाऱ्या आकड्याच्या दीडपट वेळ धरलेला बरा.

उन्हात चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. गड सोडून भुतोंड्यात पोहोचेपर्यंत माणशी किमान तीन-चार लिटर पाणी हवे. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून सॅक हलकी करताना पहिली बाटली पाण्याची निघते. त्याऐवजी जादा कपडे काढा. मात्र दिवसभर नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नाही. घामातून मीठ जाते आणि वर साधे पाणीच भरत राहिले तर रक्तातले सोडियम घटून मळमळ, डोकेदुखी, क्वचित झटकेही येतात. तहान लागेल तसे प्यावे, सोबत खारे शेंगदाणे, भाकरी-लोणचे असावे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती ग्लासभर पाण्यात ओतून पिणारे मी पाहिले आहेत, त्याने फायद्याऐवजी त्रासच होतो. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडते आहे असे समजावे.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो नुसता थकवा समजू नये. शरीराचे तापमान चाळीस अंशांवर गेलेले असू शकते. सावलीत आडवे करा, कपडे भिजवा, वारा घाला आणि १०८ला फोन लावा. थंड करणे आधी, उचलून नेणे नंतर. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

दुसऱ्या दिवशी जलाशयाचे पाणी हाताशी येते. ते नितळ दिसते, पण डोळ्यांना जंतू दिसत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुईयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. दूषित पाणी किंवा अन्नातून तो पोटात जातो. म्हणून पाणी कापडातून गाळून, खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळावे. क्लोरीनची गोळी टाकली तर अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीनचा प्रभाव कमी पडतो, म्हणून आधी गाळणे. सगळ्यात सोपे म्हणजे मुक्कामाच्या घरी रात्रीच सांगून ठेवावे, ‘मावशी, सकाळी पाणी उकळून द्याल का?’

गड आधी, काठ नंतर, हा क्रम मी मुद्दाम धरतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणाखाली लांबतात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो. तेव्हा आपण गावांजवळच्या वाटेवर असावे, हात दाखवला तर एसटी किंवा जीप मिळेल अशा ठिकाणी. गुडघा सुजला किंवा टाचेचा फोड फुटला तर बेत तिथेच मोडावा, यात कमीपणा नाही.

आता ऋतू. भाटघरचे पाणी ओसरले की उन्हाळ्यात कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते आणि ते पाहायचा मोह होतो. ते जरूर पाहावे, पण गाडीने, सकाळी. चालण्याचा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच ठेवावा. बेताची एक प्रत घरी द्यावी, रोजच्या मुक्कामाचे गाव आणि पोहोचण्याची वेळ लिहून. मोबाईलची रेंज सगळीकडे मिळत नाही, तेव्हा किती उशीर झाला तर घरच्यांनी पोलिसांना फोन करायचा, हेही त्याच कागदावर लिहावे.