पट्टा करवतीच्या चाकांचे टायर

पट्टा करवतीचा टायर म्हणजे या यंत्राच्या चाकाच्या परिघावर बसवलेले रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे लवचीक कडे होय. बँड सॉ या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या पट्टा करवतीत दोन किंवा अधिक चाकांभोवती पोलादी पात्याचा अखंड पट्टा ताणून फिरवला जातो. टायरमुळे पाते चाकावरून घसरत नाही, दात्यांना धातूचा आघात बसत नाही आणि पाते ठरावीक रेषेत धावते. टायर झिजणारा भाग असल्याने तो वेळोवेळी बदलावा लागतो. चुकीच्या मापाचा किंवा चुकीच्या आकाराचा टायर बसवल्यास काप वाकडा येतो, पाते लवकर तुटते आणि ते चाकावरून निसटून कारागिराला इजा होण्याचा धोकाही असतो.

पार्श्वभूमी

पट्टा करवतीच्या कल्पनेचे एकस्व विल्यम न्यूबेरी याने इंग्लंडमध्ये १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात घेतले. परंतु पात्याची दोन टोके जोडल्यावर तो सांधा सतत वाकण्याचा ताण सहन करू शकत नसे, त्यामुळे यंत्र व्यवहारात उतरले नाही. फ्रान्समधील अ‍ॅन पॉलिन क्रेपँ हिने १८४६ मध्ये सांधा जोडण्याची उपयुक्त रीत शोधली आणि त्यानंतर पट्टा करवतीचा प्रसार झाला.

सर्वच पट्टा करवतींना टायर नसतात. मोठे ओंडके चिरणाऱ्या यंत्रांत रुंद पाते बहुधा उघड्या धातूच्या चाकावर चालते व त्याचे दाते चाकाच्या कडेबाहेर राहतात. धातू कापणाऱ्या अनेक करवतींतही टायर नसतो. सुतारकामाच्या लहान व मध्यम यंत्रांत मात्र अरुंद पाती वापरतात. त्यांचे दाते चाकाच्या पृष्ठभागावर टेकत असल्याने तेथे मऊ अस्तर आवश्यक ठरते.

कार्य

करवतीचे दाते आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे काप पात्याच्या जाडीहून थोडा रुंद होतो व पाते अडकत नाही. असे दाते कठीण धातूवर दाबले गेल्यास त्यांचा बाक बिघडतो व धारही जाते. लवचीक टायर हा दाब सोसतो.

पात्याला मध्यभागी ठेवण्याचे कामही अनेक यंत्रांत टायरच्या आकारामुळे होते. ताणलेला पट्टा फिरताना चाकाच्या सर्वांत मोठ्या व्यासाच्या भागाकडे सरकतो. म्हणून चाकाचा किंवा टायरचा मध्यभाग कडांपेक्षा किंचित उंच ठेवतात. मध्यभाग झिजून सपाट किंवा खोलगट झाला, की वरच्या चाकाचा कल कितीही जुळवला तरी पाते स्थिर राहत नाही.

बदलण्याची लक्षणे

रबर काळानुसार प्राणवायू व ओझोन यांच्या परिणामाने कडक होते व त्याला भेगा पडतात. पृष्ठभाग चकचकीत होणे, तुकडे निघणे, दात्यांच्या खुणांची खाच पडणे, टायर चाकावर सैल होऊन सरकणे ही झिजेची लक्षणे आहेत. यंत्र दीर्घकाळ बंद असताना पाते ताणलेलेच ठेवल्यास टायर एका जागी दबतो व पुढे प्रत्येक फेऱ्यात ठोका जाणवतो. तथापि टायरवर चिकटलेल्या भुशाच्या व राळेच्या थरामुळेही पाते हलते. म्हणून नवा टायर घेण्यापूर्वी जुना स्वच्छ करून तपासणे इष्ट असते.

मापे

निवडीसाठी चाकाचा व्यास, टायरची रुंदी व जाडी ही तीन मापे लागतात. यंत्राच्या नावातील इंचांचा आकडा बहुधा चाकाच्या व्यासाचा निदर्शक असतो, परंतु प्रत्यक्ष व्यास थोडा वेगळा असू शकतो. त्यामुळे जुना टायर काढून उघड्या चाकाचे माप घेणे अधिक खात्रीचे ठरते. चाकाला खाच असल्यास टायरची रुंदी त्या खाचेत नेमकी बसली पाहिजे.

जाडीचा परिणाम पात्याच्या लांबीवर होतो. दोन चाकांच्या यंत्रात पाते प्रत्येक चाकाचा अर्धा परीघ व्यापते. दोन्ही टायर १ मिमी अधिक जाड असल्यास पात्याचा मार्ग सुमारे ६ मिमी वाढतो. एवढा फरक ताण देण्याच्या स्क्रूने सामावला जातो. फरक त्याहून बराच अधिक असल्यास नेहमीचे पाते चढवणे कठीण होते. दोन्ही चाकांचे टायर एकाच वेळी व एकाच प्रकारचे बदलणे हितावह मानले जाते.

द्रव्याची निवड

रबरी टायर मऊ असतो, कंप चांगला शोषतो आणि घासून त्याला हवा तो आकार देता येतो. तो सामान्यतः चिकटवावा लागतो. पॉलियुरेथेन झिजेला, तेलाला व ओझोनला अधिक टिकते. त्याचा टायर ताणून बसवता येतो व अनेकदा गोंदाची गरज पडत नाही. मात्र तो घासून त्याला आकार देणे कठीण असते. पॉलिएस्टर प्रकारचे पॉलियुरेथेन उष्ण व दमट हवेत पाण्याच्या क्रियेने हळूहळू विघटित होते. पॉलिइथर प्रकार त्या बाबतीत अधिक टिकाऊ असतो.

यावरून निवडीचा सर्वसाधारण नियम निघतो. चाकालाच फुगवटा असेल, तर एकसारख्या जाडीचा पॉलियुरेथेनचा टायर तो आकार आपोआप घेतो. चाक सपाट असून फुगवटा टायरनेच द्यायचा असेल, तर तयार फुगवट्याचा टायर घ्यावा लागतो किंवा रबरी टायर बसवून घासावा लागतो. काही यंत्रे मात्र सपाट टायरसाठीच रचलेली असतात. त्यांवर फुगवटा दिल्यास रुंद पात्याला पुरेसा आधार मिळत नाही.

बसवणी

बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव तापवून, प्रसरण पावल्यावर चढवतात व ती थंड होताना आवळते. करवतीचा टायर याउलट मुळातच चाकाच्या परिघाहून लहान असतो व ताणून चढवल्यावर स्वतःच्या लवचीकपणाने घट्ट बसतो. पॉलियुरेथेनचा टायर त्याआधी कोमट पाण्यात ठेवून मऊ करतात. बसवणीपूर्वी वीजपुरवठा तोडून पाते उतरवले जाते आणि चाकावरील जुने रबर, गोंद व गंज पूर्ण काढला जातो. गोंदाचा खडा राहिल्यास तेथे टायर उंच होतो व पाते प्रत्येक फेऱ्यात हलते. चढवल्यानंतर टायरखाली गुळगुळीत गोल सळई फिरवून ताण सर्वत्र सारखा केला जातो. शेवटी पाते चढवून चाके प्रथम हाताने फिरवली जातात. पाते एकाच रेषेत राहते याची खात्री झाल्यावर व झाकणे बंद केल्यावरच यंत्र चालू केले जाते.