नरसिंह रावांचे परराष्ट्र धोरण: ऐकीव आणि खरे

पी. व्ही. नरसिंह राव यांचा विषय निघाला की बोलणे दोन ठिकाणी जाऊन थांबते: १९९१ च्या आर्थिक सुधारणा आणि ६ डिसेंबर १९९२. उरलेली जागा विनोद भरून काढतात. पुढे आलेला ओठ, इतक्या भाषा येऊन एकाही भाषेत न बोलणारा पंतप्रधान वगैरे. त्यांच्या परराष्ट्र धोरणाबद्दल वाचलेले कमी आणि ऐकलेले जास्त असते. म्हणून त्यातले काही समज कागदपत्रांशी ताडून पाहायला हरकत नाही.

पहिला समज असा, की परराष्ट्र व्यवहार हा रावांचा प्रांतच नव्हता, जे. एन. दीक्षित यांच्यासारख्या मुरलेल्या सचिवांनी तो गाडा ओढला. दीक्षितांची कर्तबगारी नाकारण्याचे कारण नाही. पण १९८० मध्ये इंदिरा गांधींनी परराष्ट्र खाते रावांच्या हाती दिले आणि १९८४ पर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. मार्च १९८३ ची अलिप्त राष्ट्रांची दिल्ली परिषद त्याच काळातली. १९८८-८९ मध्ये राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात ते पुन्हा त्याच खात्यावर आले. तेव्हा ते लोकसभेत महाराष्ट्रातल्या रामटेकचे प्रतिनिधी होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या आणि ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणाऱ्या या माणसाला मराठी मुलूख नवा नव्हता, तसेच परराष्ट्र खात्याच्या साउथ ब्लॉकचे मजलेही. पंतप्रधान झाल्यावर, १९९२ मध्ये परराष्ट्रमंत्री माधवसिंह सोळंकींना बोफोर्सच्या एका चिठ्ठीपायी पायउतार व्हावे लागले, तेव्हा पुढचे काही महिने रावांनी हे खाते स्वतःकडेच ठेवले.

इस्रायलच्या बाबतीत दोन उलटसुलट समज एकाच वेळी नांदतात. एक म्हणतो, रावांनी अमेरिकेच्या दडपणाखाली इस्रायलला जवळ केले. दुसरा म्हणतो, भारत-इस्रायल मैत्री ही अगदी अलीकडच्या सरकारांची देणगी. वास्तविक भारताने इस्रायलला मान्यता दिली ती सप्टेंबर १९५० मध्ये, नेहरूंच्या काळात. १९५३ पासून मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावासही होता. कोकणातून आणि मुंबईतून इस्रायलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायली कुटुंबांना तो चांगलाच ठाऊक. अडले होते ते पूर्ण राजनैतिक संबंधांपाशी, आणि तसे ते चार दशके अडूनच राहिले.

२९ जानेवारी १९९२ रोजी ती कोंडी फुटली. दोनच दिवसांनी रावांना न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेच्या शिखर बैठकीला बसायचे होते आणि तिथे अध्यक्ष बुश असणार होते. तेव्हा अमेरिकेचा विचार मनात नव्हताच, असे कोणी म्हणणार नाही. पण तारखा जरा मागेपुढे पाहाव्यात. ऑक्टोबर १९९१ मध्ये माद्रिदला अरब देश स्वतःच इस्रायलसमोर बसले होते. डिसेंबरमध्ये झिओनवादाला वंशवाद ठरवणारा जुना ठराव संयुक्त राष्ट्रांनी मागे घेतला, तेव्हा भारताने तो मागे घेण्याच्या बाजूने मत दिले. २४ जानेवारीला चीनने इस्रायलशी संबंध जोडले. आणि याच जानेवारीत यासर अराफत दिल्लीत रावांचे पाहुणे होते. पॅलेस्टिनी नेत्याला आधी विश्वासात घ्यायचे, मग इस्रायलची घोषणा करायची, हा क्रम दडपणाखाली गडबडलेल्या माणसाचा वाटत नाही. पॅलेस्टाइनला १९८८ मध्ये दिलेली मान्यताही भारताने काढून घेतली नाही.

पूर्वेकडच्या देशांचे थोडक्यात सांगता येते. पूर्वेकडे वळण्याचे रावांचे ‘लुक ईस्ट’ धोरण भाषणापुरते होते, असे म्हणणाऱ्यांनी आसियानमधली भारताची चढण पाहावी: १९९२ मध्ये काही क्षेत्रांपुरता संवाद-भागीदार, १९९५ मध्ये पूर्ण भागीदार. मधल्या काळात राव दक्षिण कोरिया, व्हिएतनाम आणि सिंगापूरला जाऊन आले. २०१४ नंतरचे ‘ॲक्ट ईस्ट’ याच पायावर उभे आहे.

म्हणजे राव कधी चुकलेच नाहीत, असा भक्तांचा एक समज आहे, तोही खोटा. ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंडाचा प्रयत्न झाला, तेव्हा सुधारणांची घाई करणाऱ्यांना हा इशारा आहे, अशा अर्थाचे काहीतरी राव बोलून गेले. बंड तीन दिवसांत कोसळले आणि येल्त्सिन यांच्यापुढे दिल्लीला अवघडल्यासारखे झाले. एरवी तोंड मिटून बसणाऱ्या माणसाने नेमके तेव्हाच ते उघडावे, हा योगही विचित्रच! जुने संबंध नव्या रशियाशी सांधायला जानेवारी १९९३ उजाडले. येल्त्सिन दिल्लीला आले आणि नवा मैत्री करार झाला. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या दबावापुढे रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देण्याचा शब्द फिरवला.

जिनिव्हाची गोष्ट अनेकांना पाठ आहे. १९९४ मध्ये काश्मीरवरून पाकिस्तानने मानवी हक्क आयोगात भारताला घेरले, रावांनी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयींना पाठवले आणि वाजपेयींनी बाजी मारली. हे खोटे नाही. पण अर्धेच आहे. शिष्टमंडळात वाजपेयींबरोबर सलमान खुर्शीद होते, फारूक अब्दुल्ला होते, राजदूत हमीद अन्सारी होते. त्याआधी २२ फेब्रुवारीला जम्मू-काश्मीर हा भारताचा अविभाज्य भाग असल्याचा ठराव संसदेने एकमताने केला होता. आणि खरी मेहनत त्याच्याही आधीची. सप्टेंबर १९९३ मध्ये राव तेहरानला गेले. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणला जाणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान. ऐन वेळी आजारी परराष्ट्रमंत्री दिनेश सिंह रुग्णशय्येवरून उठून तेहरानला गेले. इराण आणि चीन यांच्याकडून हवी तशी साथ मिळेना, तेव्हा पाकिस्तानने आयोगातला आपला ठराव मागे घेतला. मतदान झालेच नाही. या विजयाचे श्रेय एका वक्त्याच्या वक्तृत्वाला देणे सोपे आहे. त्यामागचे दौरे आणि निरोप कोण मोजत बसणार?

अणुचाचणीबाबतचा समज सगळ्यात चिवट: राव अमेरिकेला घाबरले. डिसेंबर १९९५ मध्ये पोखरणला तयारी चालू होती, हे खरे. अमेरिकी उपग्रहांनी ती टिपली, राजदूत फ्रँक विझ्नर दिल्लीत सरकारशी बोलले, न्यूयॉर्क टाइम्सने बातमी छापली आणि चाचणी झाली नाही, हेही खरे. मात्र घाबरलेला माणूस विषय तिथेच गाडून टाकतो. रावांनी तसे केले नाही. अब्दुल कलाम यांनी पुढे सांगितले, की १९९६ च्या निवडणुकीच्या सुमारास रावांनी त्यांना चाचणीसाठी सज्ज राहायला सांगितले होते आणि निकाल विरुद्ध गेल्यावर वाजपेयींना सगळे समजावून द्यायला लावले. राव गेल्यानंतर खुद्द वाजपेयींनीही बॉम्ब तयार असल्याचे आपल्याला रावांनीच कळवले होते, असे सांगितले. मे १९९८ च्या स्फोटांची तयारी इतकी जुनी होती. तरीही १९९५ मध्ये हात का आखडला, याचे ठाम उत्तर रावांनी कधी दिले नाही. आर्थिक निर्बंधांची धास्ती असेल, तयारी अपुरी असेल. या मौनाबद्दल मात्र त्यांना दोष द्यायलाच हवा. असल्या प्रश्नावर देशाला उत्तर मिळायला हवे होते.

शेवटचा समज चीनचा. ७ सप्टेंबर १९९३ रोजी बीजिंगमध्ये सीमेवर शांतता राखण्याचा करार झाला. त्यात प्रत्यक्ष नियंत्रण रेषेचा उल्लेख आहे. तेवढ्यावरून रावांनी भूमी सोडली, असा आरोप आजही होतो. करारातच स्पष्ट लिहिले आहे, की या रेषेच्या उल्लेखाने सीमाप्रश्नावरच्या दोन्ही देशांच्या भूमिकांना बाध येत नाही. भूभागाची देवाणघेवाण त्यात कुठेच नाही. खरी उणीव वेगळी आहे. रेषा नेमकी कुठून जाते, हे करारात ठरले नाही. नकाशांची अदलाबदल पुढेही रखडली आणि त्या संदिग्धतेची किंमत जून २०२० मध्ये गलवानला वीस जवानांनी मोजली. टीका करायची तर ती इथे करावी. रावांनी उधार घेतलेली शांतता त्यानंतरच्या कुठल्याच सरकारने रेषेवर एकमत घडवून पक्की केली नाही, म्हणून दोष एकट्या रावांचा नाही.

हा करार सगळा मिळून नऊ कलमांचा आहे आणि कुणालाही वाचता येतो. रावांनी काय दिले आणि काय दिले नाही, यावर वाद घालण्याआधी निदान तेवढी नऊ कलमे वाचावीत.